दुसरा ठोका

तांबट आळीत त्या वर्षी तीनच ऐरणी उरल्या होत्या, आणि त्यांतली मधली मुकी होती.

बाकीच्या घरांत यंत्रं बसली होती. एका तोंडाने पत्रा आत जायचा, दुसऱ्या तोंडाने हंडा बाहेर यायचा. मध्ये काय तो एक उसासा. पण यंत्राचे ठसे एका साच्यातले, आणि हाताचे ठसे धुळीवर पडलेल्या थेंबांसारखे, एकासारखा दुसरा नाही. म्हणून हातच्या भांड्याला अजून गिऱ्हाईक होतं, आणि कडेच्या दोन ऐरणी वाजत होत्या. मधली वडक्यांची. ती चौदा महिने वाजली नव्हती, कारण तिला दोन माणसांचे हात लागत आणि त्यांतला एक झोळीत होता.

तो हात चारुशीला वडके हिचा. वय सत्तावन्न, खांदा उजवा.

उजवा झोळीत, तर डावा स्वस्थ बसेना. चहाच्या डब्यावर, खिडकीच्या गजावर, भाजीवालीच्या तराजूवर, जिथे धातू दिसेल तिथे तिची बोटं वाजायची. दुपारी नवरा आडवा झाला की त्याच्या पाठीवरसुद्धा.

"मी काय पिंप आहे का गं?" अच्युतराव ओरडायचे. ते सगळंच ओरडून बोलत. पस्तिशीतच त्यांचे कान गेले होते, तांबटांचे जातात तसे. डॉक्टरांनी एव्हाना शरीराचे बरेच भाग नव्याने उगवायला शिकवले होते, पण कानाच्या आतले ते बारीक केस अजून कुणाला वश झाले नव्हते. चारूच्या ओठांकडे बघून त्यांना तिचं बोलणं कळे. इतरांचं कळे तेवढं कळे, बाकीचं ते हसून सोडून देत.

मोठं भांडं ठोकायला दोघं लागतात. समोरासमोर बसायचं, मध्ये ऐरण, ऐरणीवर भांडं. पहिला ठोका खांद्याच्या वरून येतो. तो तांब्याला पसरवतो, वाट दाखवतो. दुसरा कोपरातून, आखूड. तो पहिल्याच्या कडेला बसतो आणि पसरलेलं तांबं जागेवर आणतो. पहिला ठोका ज्याचा, त्याला कान हवेत. तांबं ठोकता ठोकता ताठ होत जातं, आवाज चढत जातो, आणि तो एका ठरावीक उंचीला गेला की थांबून भांडं विस्तवावर धरावं लागतं, नाहीतर चीर पडते. सासऱ्यांच्या मागे पहिला ठोका मुलाकडे यायचा, तर मुलाचे कान गेलेले. म्हणून तो सुनेकडे आला. आळीत तेव्हा बायका भांडी घासत, कल्हईला भाता ओढत, पण हातोडी धरत नसत. आठ दिवस लोक बघायला येत होते. मग सवय झाली.

अच्युतरावांचा गुडघा ऐरणीच्या लाकडाला टेकलेला असे. चारूचा ठोका त्यांना गुडघ्यातून कळायचा, आणि ते पुढच्या क्षणी आपला घालायचे. तिने ठोक्यांच्या हिशेबाला एक ओवी बांधली होती. ती त्यांना ऐकू येत नसे, पण तिच्या ओठांवर दिसे.

पहिला माझा ठोका, तांब्या रे, तुला जाग,
दुसरा धन्याचा, येई मागोमाग.

अठ्ठावीस वर्षं हे असं चाललं. नवराबायको दिवसभरात जेवढं तोंडाने बोलत नसत तेवढं ऐरणीवर बोलत. भांडण झालं की चारूचा ठोका जड पडे आणि आळीला कळे.

मग खांदा फाटला. एकदा टाके घालून जोडला, सहा महिन्यांनी एका बंबावर ठोका मारताना पुन्हा फाटला, जुन्या धोतराचा काठ फाटावा तसा. हातोडी हातातून आपोआप गळाली. त्या दिवसापासून अच्युतरावही ऐरणीवर बसले नाहीत. फुटक्या कळशांना डाग दे, कल्हई कर, असं काहीतरी करत राहिले. "तुम्ही तरी ठोका की थोडं," चारू म्हणायची. "एकट्याने काय ठोकायचं?" एवढंच उत्तर.

हे आणखी बरेच दिवस चाललं असतं. पण आषाढात लेक सई आली, चप्पल काढता काढता म्हणाली, "आई, तिसरा लागलाय," आणि चारूची नजर पहिल्यांदा सईच्या तोंडाकडे न जाता माळ्याकडे गेली.

माळ्यावर हळदीच्या फडक्यात गुंडाळलेला तांब्याचा पत्रा होता. सईच्या लग्नात बाजूला काढलेला. आळीची रीतच तशी: लेकीचं लग्न झालं की पत्रा ठेवून द्यायचा, तिला सातवा लागला की आईबापांनी समोरासमोर बसून त्याचं घंगाळ ठोकायचं, आणि बाराव्या दिवशी बाळाची आंघोळ त्यात. दोन्ही हातांचे ठसे त्यावर असायला हवेत. एका हाताचं घंगाळ लेकीला देत नाहीत. आईबापांतलं एक नसेल तर मामा-मावशी बसतात. पण चारू होती, चांगली धडधाकट होती, फक्त तिला हात वर करून वेणी घालता येत नव्हती.

"तू माझ्याकडे बघ ना," सई म्हणाली.

"बघतेय की."

"पत्र्याकडे बघतेयस."

* * *

नदीपलीकडच्या इस्पितळात डॉक्टर शबनम इनामदार होत्या. चाळिशीच्या आतल्या, घाईने चालणाऱ्या आणि सावकाश बोलणाऱ्या. चारूच्या एका बाजूला सई, दुसऱ्या बाजूला अच्युतराव बसले होते. डॉक्टरांनी आधी चारूला एक प्रश्न विचारला.

"काकू, हाड म्हणजे भिंत धरा. स्नायूच्या टोकाला असते ती कंडरा म्हणजे दोर. भिंतीला दोर कसा बांधाल?"

"खिळा मारून."

"मागच्या खेपेला आम्ही तेच केलं. दोर तुटत नाही, भिंत पडत नाही. फाटतं ते नेमकं खिळ्यापाशी. कारण एक मऊ आणि एक कठीण. निसर्गाने तिथे खिळा मारलेला नाही. त्याने चार थर दिलेत. आधी दोर, मग जरा घट्ट कूर्चा, नाकाच्या शेंड्याला असते तसली, मग चुना मुरलेली कूर्चा, मग हाड. कुठे एक संपतं आणि दुसरं लागतं ते सूक्ष्मदर्शकातसुद्धा बोट ठेवून सांगता येत नाही."

"म्हणजे झाळ," चारू म्हणाली.

"काय?"

"तांब्याला पितळेची कडी नुसती ठोकून राहत नाही. मध्ये झाळ वितळवावी लागते. ती या धातूलाही धरते, त्यालाही धरते."

डॉक्टरांनी तो शब्द टिपून ठेवला. "पुढच्या पेशंटला मी हेच सांगणार," त्या म्हणाल्या. "तर ही झाळ शरीर वाढीच्या वयात एकदाच करतं. मोठेपणी ती उखडली की त्याला पुन्हा करता येत नाही. ते तिथे नुसता व्रण भरतं. ठिगळ."

नवा उपाय असा होता. कमरेच्या हाडातला मगज काढायचा, त्यातल्या मूळपेशी वेगळ्या करून तीन आठवडे वाढवायच्या. मूळपेशी म्हणजे अजून कुठल्याही धंद्याला न लागलेली पेशी. तिची कंडराही होते, कूर्चाही होते, हाडही होतं. रेशमाच्या तंतूंची नखाएवढी जाळी विणायची, तिच्यात या पेशी पेरायच्या आणि जाळी हाड नि कंडरा यांच्यामध्ये शिवायची. इथवर दहा वर्षांपूर्वीच जमलं होतं. अडत होतं ते पुढे. पेशींना कळेना की कुणी काय व्हायचं.

"ते त्यांना ओढ शिकवते," डॉक्टर म्हणाल्या. "खांदा जसा ओढला जाईल, जितक्या जोराने, ज्या कोनात, जितक्या विश्रांतीने, तशा त्या ठरत जातात. जास्त दाब पडला की हाडाकडे झुकतात, ताण पडला की दोराकडे. नव्वद दिवस त्या शिकतात. मग मुरतात. मुरल्यावर बदलत नाहीत. म्हणून आम्ही ही बाही घालतो."

बाही करड्या रंगाची होती, आत बारीक मोटारींची ओळ. दिवसातून तीन वेळा चाळीस मिनिटं ती खांद्याला ठरवून दिलेले हिसके देणार, सुरुवातीला मुंगीच्या पावलाचे, मग वाढत जाणारे. बाकी वेळ हात जखडून ठेवणार. हिसक्यांचे नमुने तयार होते. डॉक्टरांनी पडद्यावर यादी उघडली: टेबलकाम, वाहनचालक, शेती, गोलंदाजी, घरकाम आणि बाळ सांभाळणं.

"हे शेवटचं," सई लगेच म्हणाली. "आई, हेच."

"तांबट नाही का यात?"

"नाही हो काकू. तांबट आहेत किती आता?"

"आम्ही आहोत ना."

डॉक्टरांनी विचार केला. नमुना नसेल तर घेता येतो, त्या म्हणाल्या. तेच काम करणाऱ्या निरोगी माणसाने मापनाची बाही घालून सात दिवस काम करायचं. तिची नोंद पेशंटला द्यायची. चारूने अच्युतरावांकडे बोट दाखवलं. त्यांना काय चाललंय ते कळलं नव्हतं, पण बोट आपल्याकडे आहे म्हटल्यावर त्यांनी मान डोलावली.

बाहेर आल्यावर सईने तोंड उघडलं.

"झालं तुझं? माझं बाळ प्लास्टिकच्या टबात आंघोळ करेल, त्याला काही होणार नाही. पण त्याला पाळण्यातून उचलून घ्यायला आजी लागेल. मी सहा महिन्यांनी कामावर जाणारे. तेव्हा काय, त्याला घंगाळात ठेवून जाऊ?"

"अगं, ठोकणारा हात उचलेल की."

"डॉक्टर काय म्हणाल्या ऐकलंस ना? जे शिकवाल तेवढंच येईल. एक हात एकदाच मिळतोय तुला, आई. त्यात तू हातोडी मागितलीस."

चारूला पुष्कळ सांगायचं होतं. आपण काय गमावून बसलोय, ते घंगाळाएवढंच नाही, तर घरात चौदा महिने कुणी कुणाशी बोललेलंच नाही, हे सांगायचं होतं. पण लेकीला आईबापांच्या बोलण्याबद्दल काय सांगणार? तिची डावी बोटं इस्पितळाच्या कठड्यावर वाजू लागली. सईने त्यांवर आपला हात ठेवला, रागानेच, आणि रिक्षा येईपर्यंत काढला नाही.

* * *

अच्युतराव सात दिवस मापनाची बाही घालून ऐरणीवर बसले. त्या दिवसांत चारू सईकडे होती. आळीत राहिली तर हातोडी उचलेल, असं सईचं म्हणणं होतं आणि ते खोटं नव्हतं. त्यामुळे नवरा काय ठोकतोय ते तिने ऐकलं नाही. शस्त्रक्रिया झाली. पंधरवड्याने बाही चढली. चारू घरी आली.

पहिले काही आठवडे हिसके एवढे हलके होते की बाहीत कुणी श्वास घेतंय असं वाटे. चारू त्या चाळीस मिनिटांत बसून राहूच शकत नसे. बाही तिला पुढे घालून घरभर फिरवी. ओट्यापासून दारापर्यंत, दारापासून ऐरणीपर्यंत, पुन्हा ओट्यापर्यंत. समोरच्या पानवाल्या काकांनी विचारलं, "काय वहिनी, घरात हरवलंय काय?"

"पाय हरवलेत," ती म्हणाली. "शोधतेय."

एक्केचाळिसाव्या दिवशी सकाळी ती कोथिंबीर निवडत होती, डाव्या हाताने, दाताखाली देठ धरून. बाही सुरू झाली. आता हिसके चांगले जाणवत होते. एक हिसका. मग थांबणं. एक हिसका. मग थांबणं. चारूच्या दातांतून देठ गळून पडला.

तिने डोळे मिटले आणि थांबण्याच्या जागी आपला ठोका मनात घातला. तो तिथे अगदी नेमका बसला, डब्याला झाकण बसावं तसा.

हा आपला ठोका नव्हता. हा त्यांचा होता. आखूड, कोपरातून येणारा, दुसरा.

तिने तशीच डॉक्टरांना फोन लावला. पलीकडे बराच वेळ टिचक्या ऐकू आल्या. डॉक्टर नोंद बघत होत्या.

"खांदा फार वर जात नाही हे मी पाहिलं होतं, काकू. मला वाटलं, कामच असं आहे."

"काम दोन असतात. एक वरून, एक आखूड. मला वरचं हवंय."

"हे कुणी सांगितलंच नाही मला."

खरंच कुणी सांगितलं नव्हतं. आळीत हे शेंबड्या पोराला माहीत असतं, त्यामुळे ते सांगायचं असतं हेच कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

"आता बदला ना."

"नाही बदलता येणार. अर्ध्या मुरल्यात त्या. कालपर्यंत एक शिकवलं, आजपासून वरून घाव घातले, तर झाळीतच चीर पडेल. घरकामाचा नमुना सौम्य आहे, त्यावर अजून जाता येईल. पण मग कुठलाच ठोका राहणार नाही. दोन दिवसांत सांगा."

चारूने फोन ठेवला. बाही ओढत होती, थांबत होती. त्या प्रत्येक थांबण्यात तिचा खांदा आतल्या आत वर उसळत होता, आणि बाही त्याला धरून ठेवत होती. जेवताना तसंच, टीव्हीसमोर तसंच. दुसऱ्या दिवशी दुपारी अच्युतराव कुणाची परात द्यायला गेले होते. चारूने बाहीचे पट्टे दातांनी सोडले.

हात नागडा झाला. बारीक, पांढुरका, दुसऱ्याच कुणाचा वाटणारा. ऐरणीशेजारी तिची हातोडी होती, लांब दांड्याची, दांड्यावर तिच्या अंगठ्याचा खळगा. तिने ती उचलली. वजनाची आठवण तळहाताला होती. छातीपर्यंत आणली. कुठे दुखलं नाही. उलट आत खोलवर काहीतरी भुकेलं होऊन म्हणालं, आणखी वर. एकदाच. एका ठोक्याने काय होतंय?

ओसरीवर सावली पडली.

अच्युतराव ओरडले नाहीत. एरवी मीठ मागायलाही ओरडणारा माणूस. या वेळी आला, समोर आपल्या जागेवर बसला आणि गुडघा लाकडाला टेकवला. जणू ठोका येऊ घातलाय आणि तो त्याची वाट बघतोय.

"हा कुणाचा ठोका दिलाय तुम्ही मला?" चारू म्हणाली. हातोडी छातीशी तशीच. "सात दिवस बसला होतात. एकटे होतात. वरून मारायचा होता ना, माझ्यासारखा? तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

त्यांनी तिचे ओठ वाचले.

"ठाऊक होतं," ते म्हणाले. आणि हळू म्हणाले. त्यांचा इतका खालचा आवाज चारू विसरूनच गेली होती. "पहिल्याच दिवशी तुझी हातोडी घेतली. वर नेली. खाली येईना. म्हणजे आली, पण ती माझी नव्हती. मग माझी घेतली. म्हटलं, निदान सलग ठोकू. तेही नाही. एक मारला की हात थांबतो. तू मारशील म्हणून थांबतो. मला कळतंय की समोर कुणी नाही, तरी थांबतो. सात दिवस, चारू. मधली जागा मला भरताच आली नाही."

"मग सांगायचं ना डॉक्टरांना."

"काय सांगू? बायको नसली तर मला हातोडी चालवता येत नाही, हे सांगू?"

छातीशी धरलेली हातोडी जड होत होती. खांद्याच्या आत नखाएवढ्या जागेत काही लाख पेशी तिचा निर्णय व्हायची वाट बघत होत्या, आणि त्यांना शिकवायला सोडलेला माणूस समोर गुडघा टेकून बसला होता.

तिने हातोडी खाली ठेवली. अगदी सावकाश, आवाज न करता.

"पट्टे बांधा," ती म्हणाली. "दाताने सुटतात, पण बांधता येत नाहीत."

* * *

नव्वदाव्या दिवशी डॉक्टरांनी पडद्यावर चित्र दाखवलं. पांढऱ्या हाडातून करड्या दोराकडे रंग उतरत गेला होता, कुठे एक संपला नि दुसरा लागला ते दिसत नव्हतं. "सुंदर झालीय झाळ," डॉक्टर म्हणाल्या. तो शब्द आता त्यांचा झाला होता. "पण काकू, खांद्याच्या रेषेच्या वर नेऊ नका. तिथलं तिला काही शिकवलेलं नाही."

चारूने हात बाजूने उचलला. खांद्याच्या रेषेपर्यंत तो निमूट आला आणि तिथे थांबला, ओळखीच्या उंबऱ्यावर गाय थांबावी तसा.

सईला सातवा लागला होता. ती आली, पायऱ्या चढून दमली, पाटावर बसली आणि आईचा हात आपल्या हातात घेऊन उलटापालटा करून बघू लागली.

"पाळण्यातून उचलता येईल?"

"वाकून नाही. तू आणून दिलंस तर धरीन. पाहिजे तेवढा वेळ धरीन."

"आणि हातोडी?"

"वरून नाही."

"म्हणजे हेही नाही अन् तेही नाही." सईच्या आवाजात राग शोधूनही सापडला नसता, नुसता थकवा होता. "एवढा हट्ट कशाला केलास गं मग?"

चारूने माळ्याकडे बघितलं. अच्युतराव स्टूल घेऊन आले.

हळदीचं फडकं सोडलं तेव्हा तांबं आतून नव्या नवरीसारखं लाजरं लाल निघालं. ते तापवून, पाण्यात विझवून ऐरणीवर आलं. दोघं आपापल्या जागी बसली. सई दाराशी, पाठीला उशी. कडेच्या दोन ऐरणी थांबल्या. आळीला बातमी कळायला फोन लागत नाही.

चारूने हात उचलला. खांद्याच्या रेषेपर्यंत. तिथून ठोका टाकला. तांब्याने तो घेतलाच नाही. नुसता आवाज झाला. अच्युतरावांनी आपला घातला. दोन्ही आखूड. पत्र्यावर दोन ठसे पडले, एकाच आईच्या जुळ्यांसारखे, आणि तांबं होतं तिथेच राहिलं. पुन्हा एकदा. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा दोघंही थांबली. ती त्यांच्या ठोक्याची वाट बघत होती, ते तिच्या. ऐरणीवर माशी येऊन बसली.

"बाबा, कुणीतरी मारा आता," सई म्हणाली. "मला डोहाळजेवणाला जायचंय."

अच्युतरावांना ते ऐकू गेलं नाही. त्यांनी आपली हातोडी खाली ठेवली, हात लांब करून चारूपुढची लांब दांड्याची उचलली आणि स्वतःची तिच्याकडे सरकवली. दांड्यावरच्या तिच्या खळग्यात त्यांचा अंगठा मावत नव्हता.

"तुम्हाला ऐकू येत नाही," चारू म्हणाली. "ताठलं की कळणार कसं?"

"तू सांगशील."

"मी ठोकताना बोलू?"

"बोलू नको." ते विचार करत होते, त्यांच्या कपाळावर चाळीस वर्षांच्या धुराच्या रेघा गोळा झाल्या. "माझ्यामागून तुझा येईल. येतोय तोवर मी मारत राहीन. नाही आला की थांबेन. थांबायचं मला येतं."

त्यांनी हातोडी वर नेली, खांद्याच्या वर, आणि टाकली. वेडावाकडा पडला. चारूने मागून आपला आखूड घातला. तिच्या खांद्यात काहीच झालं नाही. ना कळ, ना ओढ. तो ठोका तिथे नव्वद दिवस राहून गेला होता, आपल्या घरात चालावं तसा चालला. त्यांचा पुढचा जरा सरळ. तिचा त्याच्या कडेला. दहाव्या-बाराव्याला तांबं हललं. कड किंचित वर आली, झोपेत कूस बदलावी तशी. चारू कान देऊन बसली होती. आवाज चढत चालला, आणखी चढला, आणि तिने आपली हातोडी हवेतच धरली.

अच्युतरावांचा हात वर होता. गुडघ्यातून काही आलं नाही. ते थांबले.

"ताठलं?"

तिने मान डोलावली. त्यांनी घंगाळ विस्तवावर नेलं. कडेच्या ऐरणीवरचा म्हातारा बाहेर येऊन म्हणाला, "बहिऱ्याने पहिला ठोका घेतला. आता मुक्याला गवई करा," आणि आत जाऊन बराच वेळ ठोकायचं विसरून गेला.

चौदा दिवस लागले. पूर्वी सहा लागत. ठसे काही ठिकाणी दाट, काही ठिकाणी विरळ. यंत्राच्या दुकानात ते कुणी ठेवून घेतलं नसतं. सई रोज येऊन बसायची. पोटातलं बाळ ठोक्यांना दचकत नव्हतं. उलट ऐरण थांबली की लाथ मारायचं. सईने हे सांगितलं तेव्हा चारू म्हणाली, "तुझ्या आज्यावर गेलंय. रिकामी जागा सोसत नाही."

"कुणाच्या आज्यावर?"

"बरं, त्याच्या. त्याच्या आज्यावर."

चारूला मात्र स्वस्थता आली नव्हती. ती येणारही नव्हती. दर ठोक्याला त्यांचा हात वर गेला की तिच्या खांद्यात काहीतरी सोबत उठायचं, रेषेपर्यंत यायचं आणि परत फिरायचं. ती मनातल्या मनात ओवी फिरवून म्हणायला शिकत होती:

पहिला धन्याचा ठोका, तांब्या रे, तुला जाग,
दुसरा माझा ठोका...

पुढचं येता येता जीभ अजून अडखळायची.

शेवटच्या दिवशी काठ वळवायचा होता. सई दाराशी होती, पाय लांब करून, डोळे अर्धे मिटून. ऊन ऐरणीवर आलं होतं. अच्युतरावांनी हातोडी वर नेली, टाकली; चारूने घातला. टाकली; घातला. आवाज अजून खाली होता, तांबं मऊ होतं. त्यांनी पुन्हा टाकली आणि पुन्हा वर नेली.

चारूने घातला नाही.

हात वरच राहिला. उन्हात हातोडीचं तोंड चकाकत होतं. अच्युतराव तिच्या तोंडाकडे बघत होते, आणि ती त्यांच्या हाताकडे, तिचा असायचा तेवढ्या उंचीवर.

"ताठलं का?" ते ओरडले. आळीला ऐकू गेलं.

"नाही."

"मग? खांदा दुखला?"

"नाही. बघत होते."

"काय?"

"वरचा हात समोरून कसा दिसतो ते. अठ्ठावीस वर्षांत बघितला नव्हता."

त्यांनी मान वर करून आपल्याच हाताकडे पाहिलं.

"लवकर बघ," ते म्हणाले. "जड आहे गं हे."

"जड असतं," चारू म्हणाली. मग आपली आखूड हातोडी रेषेपर्यंत आणून धरली, खांदा आतून उसळला, तिने त्याला उसळू दिलं. "मारा आता. मी आहे मागून."